मेडिक्लेम आहे, मग ईएसआय कशाला?

कंपनीने काढलेला गट आरोग्य विमा (मेडिक्लेम) आणि राज्य कामगार विमा (ईएसआय) एकाच कामगाराच्या नावावर असले, तर त्यांतला एक वाया जातो, असे पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात सर्रास मानले जाते. भोसरीच्या लघुउद्योजकापासून चाकणच्या एचआर विभागापर्यंत हे मत ऐकू येते. तरुण कामगारही तेच बोलतात. पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला ईएसआयची कपात दिसते, दवाखान्यातली रांग आठवते, आणि मेडिक्लेमचे कार्ड दाखवले की खासगी रुग्णालयात कॅशलेस भरती होते हेही ठाऊक असते. एवढ्यावरून निष्कर्ष निघतो की ईएसआय म्हणजे महागडा आणि निकृष्ट मेडिक्लेम. कामगार चार दिवस तापाने पडला असेल तोवर हा निष्कर्ष खपून जातो. तो वर्ष-दोन वर्षे किंवा कायमचा कामाबाहेर गेला की त्यातली चूक घराला भोगावी लागते.

या मताला एकदा थेट अर्थसंकल्पाचे बळ मिळाले होते. २८ फेब्रुवारी २०१५ च्या भाषणात तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय यांच्याकडे ग्राहक नाहीत, ओलीस आहेत, अशा आशयाचा शेरा उद्धृत केला आणि कामगाराला ईएसआय किंवा विमा नियामकाने मान्य केलेला आरोग्य विमा यांतून एकाची निवड करू द्यावी, असे सुचवले. कामगार संघटनांनी विरोध केला आणि सूचना कायद्यात उतरली नाही. युक्तिवाद मात्र टिकून राहिला, आणि त्याला उत्तर द्यायचे तर तो त्याच्या सर्वांत भक्कम रूपातच मांडला पाहिजे.

ते रूप असे. ईएसआयची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपये ठरली. १ जुलै २०१९ पासून वर्गणी वेतनाच्या ४ टक्के झाली. त्यात मालकाचे ३.२५ आणि कामगाराचे ०.७५ टक्के. मर्यादेवरच्या कामगाराचे १५७ रुपये ५० पैसे आणि मालकाचे ६८२ रुपये ५० पैसे, मिळून महिना ८४० रुपये, म्हणजे वर्षाला १०,०८० रुपये होतात. एवढ्या पैशांत तरुण कामगाराच्या कुटुंबाला चांगल्या रकमेचा गट मेडिक्लेम मिळू शकतो. मग मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयापर्यंत पुणे-नाशिक महामार्गाच्या कोंडीतून जाण्याची सक्ती कशासाठी?

या हिशेबातले आकडे बरोबर आहेत. ज्या दोन वस्तूंची किंमत लावली आहे, त्या मात्र एक नाहीत. गट मेडिक्लेम रुग्णालयाचे बिल भरतो, तेही विमा रकमेच्या मर्यादेत आणि बहुतेक वेळा किमान २४ तासांच्या भरतीसाठी किंवा ठरावीक डे-केअर उपचारांसाठी. कामगार घरी पडून असताना किराणा, खोलीभाडे आणि मुलांची फी कुठून येणार, हा प्रश्न त्या पॉलिसीच्या कक्षेतच नाही. ईएसआयच्या रचनेत तो पहिल्यापासून आहे. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये दिलेल्या अहवालातून ही योजना उभी राहिली, १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत ती सुरू झाली. उपचार आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई या दोन्ही गोष्टी तेव्हापासून एकाच वर्गणीत बांधलेल्या आहेत. १०,०८० रुपयांतून मजुरीचा विमा वजा करून उरलेल्याची मेडिक्लेमशी तुलना केली असती तर ती प्रामाणिक ठरली असती. पर्यायाचे पुरस्कर्ते तसे करत नाहीत.

महिना २०,००० रुपये मिळवणारा कामगार घेऊ. सरासरी रोजाचा नेमका हिशेब बाजूला ठेवून ठोकळमानाने बोलायचे, तर साध्या आजारपणात त्याला वेतनाच्या ७० टक्के, म्हणजे महिना १४,००० रुपये मिळतात. लागोपाठच्या दोन लाभ कालावधींत मिळून जास्तीत जास्त ९१ दिवस हा लाभ चालतो आणि त्यासाठी संबंधित वर्गणी कालावधीत ७८ दिवसांची वर्गणी लागते. क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात, मूत्रपिंडाचा जुनाट विकार, स्किझोफ्रेनिया अशा ३४ दीर्घ आजारांत दर ८० टक्क्यांवर जातो आणि मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. महिना १६,००० रुपये धरले तर दोन वर्षांचे ३,८४,००० रुपये होतात, आणि यात औषधाचा एक पैसाही मोजलेला नाही. डायलिसिसवर असलेल्या कामगाराची मेडिक्लेमची रक्कम वर्ष संपण्याआधी संपू शकते; ईएसआयमध्ये उपचाराच्या खर्चाला कमाल मर्यादा ठेवलेली नाही.

कामावरच्या इजेत तफावत आणखी रुंदावते, आणि हा पट्टा पावर प्रेस, शिअरिंग आणि मोल्डिंग मशिनांचा आहे. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के, म्हणजे महिना १८,००० रुपये, काम करता येत नाही तोवर मिळत राहतात. किती दिवस वर्गणी भरली हे इथे विचारले जात नाही. कामावरचा पहिला दिवस असला तरी हक्क तोच. जखम भरल्यावर कायमचे व्यंग राहिले तर मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवते आणि त्या प्रमाणात आयुष्यभर रक्कम मिळते. कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटे गेल्यास २० टक्के, अंगठा गेल्यास ३० टक्के आणि चार बोटे गेल्यास ५० टक्के हानी धरली आहे. दोन बोटे गमावलेला हा कामगार पुन्हा कामावर रुजू होऊन पूर्ण पगार घेऊ लागला, तरी सुमारे ३,६०० रुपये महिना त्याला हयातभर मिळतात. पूर्ण व कायम अपंगत्व आले तर १८,००० रुपये महिना हयातभर. मेडिक्लेममध्ये या दोन बोटांची किंमत शस्त्रक्रियेच्या बिलाएवढी, आणि बिल चुकते झाले की खाते बंद.

काही कंपन्या मेडिक्लेमसोबत गट वैयक्तिक अपघात विमाही काढतात आणि त्यात व्यंगासाठी एकरकमी भरपाई असते, हे खरे आहे. पण अशा रकमेचे मोल किती, ते कर्मचारी भरपाई कायद्याच्या सूत्राने तपासता येते. पूर्ण कायम अपंगत्वाला त्यात वेतनाच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८ आहे, आणि ३ जानेवारी २०२० पासून हिशेबात वेतन १५,००० रुपयांपर्यंतच धरले गेले. उत्तर येते १८,७१,८२० रुपये. आकडा डोळ्यांत भरतो. पण ईएसआयच्या महिना १८,००० रुपयांनी तो नऊ वर्षांच्या आत गाठला जातो, आणि तिशीतल्या माणसापुढे त्याहून कितीतरी जास्त वर्षे असतात. सगळी रक्कम न मोडता ७ टक्क्यांनी ठेवली असे मानले तरी व्याज महिना ११,००० रुपयांच्या आत राहते. शिवाय मुलीचे लग्न, गावाकडचे कर्ज आणि भावाची विहीर समोर असताना रक्कम न मोडता ठेवायची, हे गृहीतक कागदावर जितके सोपे तितके घरात नसते.

आता निवडीचा मुद्दा. गट पॉलिसीचा हप्ता त्या गटाने किती दावे केले यावर दर वर्षी नव्याने ठरतो. ईएसआयची वर्गणी वय, आजार किंवा कुटुंबातली माणसे पाहत नाही. निवड खुली केली तर चाकणचा बावीस वर्षांचा अविवाहित मुलगा मेडिक्लेमकडे जाईल आणि मधुमेह, मूत्रपिंड, हृदयविकार असलेला पंचेचाळिशीतला कामगार ईएसआयमध्ये राहील. काही वर्षांत ईएसआयचा खर्च वाढलेला आणि वर्गणी आटलेली दिसेल, आणि मग योजना तोट्यात असल्याचे दाखवून तीच मोडीत काढायची मागणी होईल. तो बावीस वर्षांचा मुलगाही कधीतरी पंचेचाळिशीत पोहोचणार आहे.

खरे तर कायद्यात बाहेर पडण्याची वाट आधीपासून आहे. १९४८ च्या कायद्याचे कलम ८७ सरकारला एखाद्या कारखान्याला सूट देऊ देते. तिथल्या कामगारांना मिळणारे लाभ ईएसआयच्या तोडीचे किंवा त्याहून सरस असावेत, एवढी अट २०१० च्या दुरुस्तीने घातली. मेडिक्लेम खरोखरच सरस असेल तर मालकांनी या कलमाखाली अर्ज करून ते सिद्ध करावे. आजारात ७० ते ८० टक्के वेतन, अपघातात ९० टक्के आणि कायम व्यंगाला हयातभर रक्कम देणारी गट पॉलिसी त्यासाठी दाखवावी लागेल. सूट मागण्याच्या वाटेऐवजी कामगाराच्या निवडीचा आग्रह धरण्याचे कारण याच अटीत दडलेले आहे.

(२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ईएसआय तिच्या एका प्रकरणात गेली. इथे कलमांचे क्रमांक जुन्या कायद्याचे दिले आहेत, कारण कामगार, वकील आणि आजवरचे निवाडे त्यांनाच ओळखतात.)

ईएसआयच्या सेवेबद्दलची तक्रार मात्र पूर्ण मान्य करावी लागते. निघोजे, म्हाळुंगे, कुरुळी किंवा खराबवाडीत राहणाऱ्या कामगाराला चिंचवडच्या मोहननगरला जायचे तर दिवसाची हजेरी बुडते. औषध नाही, तज्ज्ञ नाही, बाहेरच्या बिलाची परतफेड अडकली, या तक्रारी जुन्या आणि रास्त आहेत. पट्टा उत्तरेकडे सरकत चाकणपर्यंत गेला, ईएसआयचे रुग्णालय चिंचवडातच राहिले. याचा दोष कामगाराचा नाही आणि त्याच्यावर शिस्तीचे उपदेश करण्यातही अर्थ नाही. पण यावरून वर्गणी देणाऱ्यांनी दवाखाने, डॉक्टर आणि वेळेवर परतफेड मागावी, हे सिद्ध होते. मजुरीचा विमा सोडून द्यावा, हे होत नाही. रोख लाभ थेट बँक खात्यात जमा होतात. दवाखान्यातली रांग लांब आहे म्हणून ९० टक्क्यांचे ७० होत नाहीत.

पर्यायवाद्यांच्या अगदी उलट टोकाला दुसरा गैरसमज आहे: दोन्ही विमे आहेत, तर दोन्हीकडून सगळे घ्यावे, वर कंपनीवर भरपाईचा दावाही लावावा. कलम ५३ ही वाट बंद करते. विमाधारक कामगाराला कामावरच्या इजेसाठी मालकाकडून कर्मचारी भरपाई कायद्याखाली किंवा अन्य मार्गाने वेगळी भरपाई मागता येत नाही, ए. ट्रेहान प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. कलम ६५ प्रमाणे एकाच काळासाठी आजारपणाचा आणि तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ एकत्र घेता येत नाही. कलम ६३ प्रमाणे ज्या दिवसाची पगारी रजा घेतली, त्या दिवसाचा रोख लाभ मिळत नाही. अपघातानंतर आधी सगळी पीएल संपवा, मग ईएसआयचे बघू, हा एचआरचा प्रेमळ सल्ला म्हणूनच तपासून घ्यावा. रजा वापरली तर १०० टक्के मिळतात पण शिल्लक संपते. ईएसआय घेतली तर ९० टक्के मिळतात आणि रजा शाबूत राहते. दीर्घ अपंगत्वात पुढे कधीतरी ती रजा लागतेच.

मेडिक्लेमशी मात्र ईएसआयचे भांडण नाही. तो खर्च भरून देणारा करार आहे, म्हणून एकच बिल दोनदा वसूल होत नाही. पण खासगी रुग्णालयाचे बिल मेडिक्लेमने भरले म्हणून मजुरीचा लाभ बुडत नाही. तो दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. त्याला ईएसआयच्या डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते, आणि उपचार बाहेर झाले असतील तर नियमावलीच्या विनियम ५३ प्रमाणे पर्यायी पुरावा शाखा कार्यालयापुढे ठेवता येतो. वैयक्तिक अपघात विम्यासारखी ठरावीक रकमेची पॉलिसीही कामगाराच्या नावावर असेल तर तिच्या अटींप्रमाणे वेगळी मिळते, कारण ती बिलावर अवलंबून नसते. शिवाय ईएसआयची वर्गणी द्यावी लागते म्हणून सेवाशर्तींत आधीपासून असलेली तशीच सवलत मालकाने काढून घेऊ नये, असे कलम ७२ सांगते. म्हणजे दोन्ही विमे सोबत असणे कायद्याला खुपत नाही.

घोळ होतो तो कुठला कागद आधी करायचा यात. प्रेसमध्ये बोटे गेली की ठेकेदाराचा सुपरवायझर जवळच्या खासगी रुग्णालयात नेतो, मेडिक्लेमचे कार्ड पुढे करतो आणि केसपेपरवर इजेचे कारण घरी पडला किंवा गाडीवरून घसरला असे लिहून येते. अपघाताची नोंद टळते, कारखाना निरीक्षक येत नाही, बिल भागते आणि कामगार त्या घडीला कृतज्ञही असतो. पण कामावरची इजा म्हणून ती कुठेही नोंदली गेलेली नसते, आणि सहा महिन्यांनी मेडिकल बोर्डापुढे जायचे तर पहिलाच कागद त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. फुकट झालेल्या शस्त्रक्रियेच्या बदल्यात त्याने हयातभराचे पैसे सोडलेले असतात. हरियाणातून काम सुरू केलेल्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेने वाहनउद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या अशा इजांवर ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढले. अनेक जखमींना ईएसआयचे कार्ड अपघातानंतरच हाती पडल्याचे त्यांत नोंदले आहे. वर्गणी भरलीच नसेल तरी हक्क बुडत नाही. कलम ६८ प्रमाणे ईएसआय महामंडळ लाभ देऊन मालकाकडून वसुली करू शकते, आणि ठेकेदाराच्या कामगारांची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी कलम ४० ने मूळ मालकावर टाकली आहे.

कंत्राटी कामगाराला आणखी एक अडचण छळते. सात-आठ महिन्यांनी ब्रेक आणि मग दुसऱ्या ठेकेदाराकडे नवी भरती, ही चाकणची रीतच झाली आहे. दीर्घ आजाराच्या वाढीव लाभासाठी दोन वर्षांची विमापात्र नोकरी आणि आधीच्या चार वर्गणी कालावधींत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते. विमा क्रमांक आयुष्यभर एकच असायला हवा. नव्या ठेकेदाराने आधीचा न विचारता दुसरा काढला की वर्गणीचे दिवस दोन खात्यांत विखुरतात आणि क्षयरोग झालेला माणूस कागदावर अपात्र ठरतो. शिकाऊ उमेदवार तर ईएसआयच्या बाहेरच. त्यांना १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली इजेची भरपाई आहे, आजारपणाची नाही.

ईएसआयवर खरी टीका करायची तर ती वेतनमर्यादेवर करावी. या पट्ट्यात वेतन करार झाला की फटाके फुटतात, आणि त्याच करारानंतर कित्येक जण २१,००० ची रेघ ओलांडून योजनेबाहेर जातात. बाहेर जाणे एका दिवसात होत नाही. मेमध्ये पगार वाढला तरी ३० सप्टेंबरपर्यंत वर्गणी चालू राहते, आणि त्या वर्गणीवरचे लाभ पुढच्या ३० जूनपर्यंत मिळतात. ओव्हरटाइमवर वर्गणी कापली जाते, पण मर्यादा ठरवताना ओव्हरटाइम मोजत नाहीत. तो धरून कुणाला बाहेर काढले असेल तर ते चूक. पण जूननंतर काय? कामावर इजा झाली तर कर्मचारी भरपाईची तरतूद आहे, जिच्यात तात्पुरत्या अपंगत्वाला निम्म्या वेतनाएवढी रक्कम जास्तीत जास्त पाच वर्षे मिळते. पक्षाघात झाला तर बुडालेल्या मजुरीसाठी रजेखेरीज काही नाही. मेडिक्लेम आहे म्हणून ईएसआय नको म्हणणाऱ्यांना आपला आदर्श पाहायचा असेल तर तो इथे आधीच अस्तित्वात आहे: २५,००० पगाराचा, पाच लाखांचा मेडिक्लेम असलेला, अंथरुणाला खिळलेला आणि चौथ्या महिन्यापासून बिनपगारी कामगार.

तो मेडिक्लेमही नोकरीला बांधलेला असतो. कलम ७३ लाभ घेणाऱ्या विमाधारकाला कामावरून काढायला मनाई करते. सेवाशर्तींत तरतूद असेल तर सहा महिन्यांच्या सलग गैरहजेरीनंतर, आणि क्षयरोगासारख्या आजारांत अठरा महिन्यांनंतर, विनियम ९८ ती मनाई सैल करतो. सततच्या आजारपणामुळे काढलेला कामगार औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत कपातग्रस्त ठरत नव्हता, म्हणून त्याला कपातीची भरपाईही नव्हती. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चे कलम २० नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढू नये असे सांगते, पण ते फक्त सरकारी आस्थापनांपुरते. मस्टरवरून नाव उतरले की गट पॉलिसीतूनही उतरते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियामकाने ठेवली आहे, तीही कंपनीच्या छाननीच्या अधीन. आणि हप्ता भरायचा तो पगार बंद झालेल्या माणसाने.

या टप्प्यावर सरकारी बाजूला काय उरते, तेही असमान आहे. कामावरच्या इजेने कायम अपंग होऊन नोकरी सुटलेल्याला महिना १० रुपये, म्हणजे वर्षाचे एकरकमी १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी ईएसआयचे उपचार निवृत्तीच्या वयापर्यंत चालू ठेवता येतात. अपंगत्व आजाराने आले असेल तर ही सोय नाही. ते ४० टक्के किंवा अधिक आणि कायमचे असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत पहिले वर्ष वेतनाच्या ५० टक्के, दुसरे वर्ष २५ टक्के आणि तेवढ्या काळापुरते उपचार मिळतात. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मध्ये पूर्ण व कायम अपंगत्वाचे वेतन आहे आणि त्याला दहा वर्षांच्या सेवेची अट नाही. ग्रॅच्युइटीलाही अपंगत्वात पाच वर्षांची अट लागत नाही. यूडीआयडी या अपंगत्वाच्या ओळखपत्रावरची टक्केवारी आणि मेडिकल बोर्डाने ठरवलेली कमाईची हानी ही दोन वेगळी मापे आहेत. एकाचा कागद दुसऱ्या खिडकीवर चालत नाही. यापलीकडे महात्मा फुले जन आरोग्य योजना राहते. २०२३ च्या निर्णयाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना पाच लाख रुपयांपर्यंत खुली झाली, आणि तीही मेडिक्लेमप्रमाणेच फक्त रुग्णालयाचे बिल भरते.